मळलेली वाट कुणी मळली?

सह्याद्रीतल्या ट्रेकबद्दल मराठीत जे काही लिहिलं जातं, त्यात एक वाक्य हमखास सापडतं. गावातून एक मळलेली वाट वर जाते. किल्ला कुठलाही असो, लिहिणारा कुणीही असो. पुस्तकात हे वाक्य आहे, रविवारच्या पुरवणीत आहे, वेबसाइटवर आहे आणि शुक्रवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ट्रेकच्या मेसेजमध्येही आहे.

या वाक्याचं व्याकरण जरा बघा. वाट मळलेली आहे, पण ती कुणी मळली? वाक्यात कर्ता नाही. ऊन, पाऊस, वारा यांसारखीच वाटही जणू आपोआप झाली आणि आपण येईपर्यंत तिथे पडून राहिली.

हा लेख या हरवलेल्या कर्त्याबद्दल आहे. वाटेचं वर्णन हा मराठीतला बराच वाचला जाणारा लेखनप्रकार आहे, पण त्याला साहित्य कुणी म्हणत नाही. त्याला पुरस्कार नाहीत, त्याची परीक्षणं येत नाहीत, संमेलनात त्यावर परिसंवाद होत नाही. माझ्या वयाच्या किती जणांनी गेल्या वर्षभरात मराठी कवितासंग्रह उघडला, माहीत नाही. पण हरिश्चंद्रगडाला पाचनईतून जायचं की खिरेश्वरहून तोलारखिंडीच्या वाटेने, हे मराठीत वाचलेले डझनभर तरी माझ्याच ऑफिसात बसतात. इतकं वाचलं जाणारं लेखन आपल्याला काय बघायला शिकवतं आणि काय बघू देत नाही, हे विचारायला हवं.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे कापूस आहे, सागाचं जंगल आहे, वाघ आहे. शनिवार-रविवारी चढायला गडकिल्ले नाहीत. नोकरीसाठी पुण्यात आल्यावर सह्याद्री आधी वाचला आणि मग पाहिला. पहिल्या ट्रेकची फी ऐकून आई म्हणाली होती, “पायदल चालाले पैसे देतं काय रे?” तिच्या प्रश्नात या लेखातला अर्धा मुद्दा येऊन जातो. तिच्या लेखी पायदल चालणं हे काम आहे. शेतात जायला, सरपण आणायला, बस चुकली तर पुढच्या फाट्यावर जायला माणूस चालतो. वाटेचा छंद करता येतो, हे आमच्या घरात मीच पहिल्यांदा सांगितलं.

बुधा, धोंडी आणि नाग्या

मराठीत डोंगरावरच्या लेखनाची गोष्ट गो. नी. दांडेकरांना टाळून सांगता येत नाही. एक योगायोग मला आवडतो. सह्याद्रीचा हा सर्वांत मोठा भाट विदर्भातला. १९१६ साली परतवाड्यात जन्मला, पुढे तळेगाव दाभाड्याला स्थिरावला. म्हणजे तोही बाहेरून आलेलाच.

गोनीदांच्या लेखनात किल्ला एकटा नसतो. ‘दुर्गभ्रमणगाथा’मध्ये दगडांइतकीच किल्ल्याच्या घेऱ्यातली माणसं आहेत. कादंबऱ्यांमध्ये तर माणसंच आधी येतात. ‘माचीवरला बुधा’मध्ये मुंबई सोडून राजमाचीवर एकटा राहायला आलेला म्हातारा आहे. ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये तुंग किल्ल्याची हवालदारकी मनात जपणारा धोंडी आहे. ‘जैत रे जैत’मध्ये नाग्या आणि ठाकरांची वाडी आहे, त्यावर १९७७ साली जब्बार पटेलांनी केलेला सिनेमा आपल्यापैकी बहुतेकांनी निदान गाण्यांपुरता तरी पाहिलेला असतो. या पुस्तकांत वाट मळणारे पाय दिसतात आणि त्या पायांना नावं असतात.

आता तक्रार. गोनीदांचा डोंगरी माणूस फार निर्मळ आहे. शहराने नासलेलं मन धुवायला आपण त्याच्याकडे जायचं. तो गरीब असतो, पण त्याच्या गरिबीला रेशनकार्ड, सावकार, वनखात्याची नोटीस असले तपशील क्वचितच चिकटतात. बुधा माचीवर परततो हे सुंदर आहे. पण ज्यांना माची सोडून खाली जायचं आहे, पोरांना शाळेत घालायचं आहे, दवाखाना जवळ हवा आहे, त्यांच्यासाठी या सौंदर्यात जागा कमी पडते. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. गोनीदांनी माणसाला चुकीच्या रंगात रंगवलं असेल, पण चित्रातून काढून टाकलं नाही. ते काम पुढे झालं, आणि तेही कुणाच्या वाईट हेतूने नाही.

रकान्यांची भाषा

पुढच्या पिढीला भावनेपेक्षा माहिती हवी होती, आणि ती गरज खरी होती. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने डोंगररांगांनुसार वाटा मांडल्या, नकाशे दिले. नंतर इंटरनेट आलं आणि ट्रेकक्षितिजसारख्या वेबसाइटने किल्ल्यांची माहिती ठरावीक रकान्यांत बसवली. इतिहास, पाहण्याची ठिकाणं, पोहोचण्याच्या वाटा, राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, लागणारा वेळ. सोबत डोंगररांग, जिल्हा आणि श्रेणी: सोपी, मध्यम, कठीण.

या रकान्यांचं ऋण मी मोठं मानतो. त्याआधी डोंगरात जायचं तर पुण्या-मुंबईचा एखादा क्लब, कुणा मित्राचा काका, कॉलेजचा ग्रुप लागायचा. वाटेची माहिती ओळखीतून मिळायची, आणि विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या पोराकडे नेमकी ओळखच नसायची. रकान्यांनी ती ओळख फुकट आणि मराठीत दिली. भाषेच्या अंगानेही हे लेखन गरीब नाही. नाळ, घळ, सोंड, धार, पदर, ढोरवाट, घसारा, कातळटप्पा, आडवी वाट हे शब्द मी कादंबऱ्यांतून नाही, या वर्णनांतून शिकलो. ‘पदर’ म्हणजे डोंगराच्या कड्याखालची सपाटी, हे एकदा कळलं की डोंगराकडे बघायची नजर बदलते.

पण माझा धंदा सॉफ्टवेअरचा आहे, आणि त्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. फॉर्ममध्ये ज्याचा रकाना नाही, ती गोष्ट सिस्टिमसाठी अस्तित्वातच नसते. कुणी ती मुद्दाम लपवत नाही. विचारायचं कुणाला सुचत नाही, एवढंच.

किल्ल्याच्या फॉर्ममध्ये पायथ्याची वाडी कुठे बसते? ‘सोय’ या रकान्यात. तिथे एक घर जेवण देतं, शाळेच्या ओसरीवर झोपता येतं, विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं. बुधा, धोंडी आणि नाग्या मिळून आता ‘जेवणाची सोय होते’ असं एक वाक्य झालं आहे. यातही कर्ता नाही. सोय ‘होते’. पहाटे तीनला उठून चूल कोण पेटवतं, पाणी कुठून आणतं, हे ‘होते’ या क्रियापदाच्या पोटात गडप होतं.

श्रेणीचंही तसंच. सोपी, मध्यम, कठीण हे कुणाच्या पायांनी मोजायचं? ज्या वाटेला आपण ‘मध्यम’ म्हणतो, तिथून वाडीतली पोरं दप्तर घेऊन शाळेला उतरतात आणि आजारी माणसाला झोळीत घालून चार जण खाली आणतात. त्या चौघांना कुणी श्रेणी विचारली तर?

यावर एक सरळ आक्षेप येईल. माहितीपत्रक म्हणजे कादंबरी नव्हे. ट्रेकरला पाणी कुठे आहे ते हवं असतं, समाजशास्त्र नको असतं. आक्षेप रास्त आहे. थोडक्यात लिहिणं हा दोष नाहीच. पण थोडक्यात लिहितानाही काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे कुणीतरी ठरवतंच. शिवकालातल्या तहाला चार ओळी मिळतात आणि आजच्या वाडीला अर्धी, तेव्हा ती निवड असते. त्या निवडीवर बोलणं हेच समीक्षेचं काम.

बर्फावर वाट मळत नाही

तुलनेसाठी थोडं लांब जाऊ. आल्प्समध्ये बर्फावरून स्कीने डोंगर चढून पलीकडे उतरायचे मार्ग आहेत. फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडच्या झेरमाटपर्यंतचा ‘ओत रूत’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. १९११ साली तो स्कीवरून पूर्ण झाला. आपल्याकडे गुलमर्गला अफरवटच्या उतारांवर लोक असंच जातात.

या मार्गांचं वर्णन लिहिणाऱ्यापुढे एक अडचण असते. बर्फावर वाट मळत नाही. काल दहा जण गेले तरी रात्री बर्फ पडलं की सकाळी सगळं कोरं. त्यामुळे ‘मळलेली वाट वर जाते’ हे वाक्य त्याला लिहिताच येत नाही. त्याला सांगावं लागतं की उतार किती अंशांचा आहे, त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, ऊन किती वाजता लागतं आणि त्यानंतर तिथे का थांबायचं नाही. थराने सुटणारे बहुतेक हिमप्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. म्हणून स्वित्झर्लंडच्या स्कीमार्गांच्या सरकारी नकाशांवर ३० अंशांहून तीव्र उतार वेगळ्या रंगात दाखवतात. १९९३ पासून युरोपात हिमप्रपाताच्या धोक्यासाठी एक ते पाच अशी सामाईक पट्टी आहे आणि हिवाळ्यात तिचा आकडा रोज नव्याने जाहीर होतो.

म्हणजे तिथे मार्गाची माहिती दोन भागांत लिहिली जाते. डोंगर कसा आहे, आणि आज डोंगर कसा आहे. दुसरा भाग नसेल तर पहिल्याचा उपयोग नाही, हे त्या लेखनाने मान्य केलं आहे. अर्थात हे काही परदेशी शहाणपण नाही. बर्फाने त्यांना दुसरा पर्यायच ठेवला नाही.

सह्याद्रीत वाट दिसते, म्हणून ती कायम आहे असं आपल्याला वाटतं. बेलपाड्याहून कोकणकड्यावर जाणाऱ्या नळीच्या वाटेत पावसाळ्यानंतर धोंडे हलतात, घसारा वाढतो. पाच वर्षांपूर्वीचं वर्णन तरीही आजचं म्हणून फॉरवर्ड होत राहतं, कारण त्यावर तारीख नसते. आपल्या लेखनात डोंगर कसा आहे एवढंच असतं. आज कसा आहे, हे वाडीतल्या माणसाला माहीत असतं, आणि त्याच्यासाठी आपल्याकडे ‘सोय’ सोडून दुसरा रकाना नाही.

मोबाइल आल्यावर हे बदलायला हवं होतं. झालं उलटंच. जीपीएस ट्रॅकमध्ये भाषाच उरली नाही. निळी रेघ आहे, त्यावर आपण एक ठिपका आहोत आणि ठिपका रेघेवर राहिला म्हणजे झालं. विचारायचं काही उरलं नाही, म्हणून ‘दादा, वाट कुठून आहे?’ हा प्रश्नही गेला. पूर्वी त्या एका प्रश्नामुळे निदान दोन मिनिटं बोलणं व्हायचं. रीलमध्ये तर रेघही नाही. हरिहरच्या कातळपायऱ्या आणि कलावंतीणच्या पायऱ्या थेट वरूनच सुरू होतात. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर रील करताना एका तरुणीचा दरीत पडून जीव गेला, तेव्हा आपण आठवडाभर रीलवाल्यांना शिव्या दिल्या. पण डोंगरातून माणूस वगळून फक्त दृश्य उरवायचं काम रीलच्या कितीतरी आधी, आपल्या प्रामाणिक माहितीपत्रकांतच सुरू झालं होतं.

इर्शाळवाडी

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबवला गेला, तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. वाडीत राहणारे ठाकर समाजाचे लोक साधारण सव्वादोनशे.

वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकांना रात्री, पावसात, चिखलातून पायी चढावं लागलं. यंत्रं वर नेता येईनात. त्यांची वाट तीच होती, जिच्याबद्दल आपण वर्षानुवर्षं लिहीत आलो होतो. इर्शाळगड हा मुंबई-पुण्याजवळचा लोकप्रिय ट्रेक, वर कातळात आरपार नेढं, खाली मोरबे धरणाचं पाणी. वाडी हा त्या वाटेवरचा थांबा. चहा, पोहे, वाटाड्या.

त्या आठवड्यात मी इर्शाळगडाची जुनी वर्णनं पुन्हा काढून वाचली. त्यांतली माहिती चुकीची नव्हती. वाडी किती वेळात येते, हे बरोबर होतं. पण तिथे किती घरं आहेत, लोक पावसाळ्यात तिथेच राहतात का, त्यांच्या डोक्यावरचा उतार कसा आहे, रस्त्याची मागणी आहे का, यांपैकी काहीही मला सापडलं नाही. दरडीनंतर सरकारने विधिमंडळात सांगितलं की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती. म्हणजे सरकारच्या यादीत ती नव्हती, आणि आपल्या यादीत होती ती ‘सोय’ म्हणून.

माहितीपत्रकात एक रकाना जास्त असता तर दरड थांबली असती, असा दावा कुणी करू नये. डोंगर कुणाचं लेखन वाचून कोसळत नाही की थांबत नाही. आणि ट्रेकर मंडळींनी त्या दिवसांत मदतही केली. अनेक डोंगरी संस्थांची पोरं वर गेली, कारण वाट त्यांच्या पायाखालची होती. माझा मुद्दा लेखनापुरता आहे. शहरातली हजारो माणसं ज्या वाडीतून चालत गेली, तिथे थांबली, जेवली, फोटो काढून परतली, त्या वाडीबद्दल त्यांच्या भाषेत अर्धी ओळ होती. बातमीत वाडीतल्या माणसांची नावं आली, ती मृतांच्या यादीत. ‘जैत रे जैत’मधल्या ठाकरवाडीवर आपण पिढ्यानपिढ्या प्रेम केलं. खऱ्या ठाकरवाडीची लोकसंख्या मात्र आपल्याला शोधकार्याच्या आकड्यांवरून कळली.

वाघाचा ट्रॅक

हा रोग फक्त सह्याद्रीचा नाही. यवतमाळच्या नकाशावरची सर्वांत गाजलेली लांब वाट माणसाची नाही, वाघाची आहे. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉलर लावली. तो बाहेर पडला आणि महाराष्ट्र-तेलंगणातले जिल्हे पालथे घालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. त्याच्या ठिपक्यांचा नकाशा देशभर फिरला आणि मलाही फार आवडला. पुण्यातल्या टीममध्ये मी तो अभिमानाने दाखवला. आमच्या गावाकडचा ट्रेकर म्हणून.

पण त्या नकाशाकडे गावाकडच्या नजरेने पाहिलं की दोन ठिपक्यांच्या मधली जागा रिकामी राहत नाही. तिथे कापूस-तुरीची वावरं आहेत. रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जागलीवर बसलेला माणूस आहे. टेकडीवर कोलामांचं पोड आहे, आणि पोडावरून रेशन दुकानापर्यंत येणारी एक मळलेली वाट आहे. वाघाचा ठिपका तासातासाला नोंदला जात होता, आणि ते योग्यच होतं. संशोधनासाठी तो हवाच. जागलीवरच्या माणसाची नोंद मात्र तो मेल्यावर होते. पांढरकवडा-राळेगाव भागात नोव्हेंबर २०१८ मध्ये ठार झालेल्या वाघिणीची गोष्ट देशाला तिच्या नावासह आठवते. तिच्या नावावर लावलेले मृत्यू मात्र ‘१३’ या आकड्यात आठवतात.

कधीतरी टिपेश्वरच्या टेकड्यांवर, पैनगंगेच्या काठावर, सहस्रकुंडाच्या आसपास ‘अनोळखी विदर्भ’ म्हणून ट्रेक निघतील. निघावेत. आमच्याकडच्या पोरांना त्यातून काम मिळेल, आणि आई म्हणते तसे पायदल चालायचे पैसे शहरातली माणसं देतात, तर ते आमच्याकडे का येऊ नयेत? पण त्या वाटांवर लिहिणारा पहिला माणूस बहुधा माझ्यासारखाच असेल. लॅपटॉपवाला, थोडा गावचा, थोडा पुण्याचा. त्याच्यासमोर तोच जुना फॉर्म उघडा असेल.

त्या फॉर्ममध्ये चार रकाने वाढवायला साहित्यिक असावं लागत नाही. ही वाट कशासाठी आहे: बाजारासाठी, गुरांसाठी, शाळेसाठी? हे वर्णन कुठल्या महिन्यात, कुठल्या साली चालून लिहिलं? इथे कोण राहतं, आणि पावसाळ्यात त्यांची वाट कशी असते? जेवण कोण रांधतं? उत्तरं दोन-दोन ओळींची असली तरी पुरे. जिथे उत्तर नसेल तिथे रकाना रिकामा ठेवावा. रिकाम्या रकान्याकडे बघून कुणाला तरी विचारावंसं वाटतं. जो रकानाच नाही, त्याच्याबद्दल कुणीच विचारत नाही.

आणि ते वाक्य तेवढं बदलू. ‘गावातून मळलेली वाट वर जाते’ याऐवजी, वाडीतले लोक गुरं घेऊन ज्या वाटेने जातात त्या वाटेने वर जावं. चार शब्द जास्त होतात, पण वाक्याला कर्ता मिळतो.